हंगाम संपल्यावर एकट्याने करायचा बास्केटबॉलचा सराव: बारा आठवड्यांची आखणी

सामने सुरू असताना खेळाडूचं स्वतःचं कौशल्य फारसं पुढे सरकत नाही. संघाच्या सरावाचा वेळ ठरलेल्या चाली, झोन (जागा वाटून घेऊन केलेला बचाव) फोडणं आणि पुढच्या प्रतिस्पर्ध्याची तयारी यातच संपतो. त्यात शॉटची पद्धत बदलायला घेतली, की सुरुवातीचे काही आठवडे नेम हमखास बिघडतो. शनिवारी सामना असताना तो बिघडू देणं ना खेळाडूला परवडतं, ना प्रशिक्षकाला. काही काळ वाईट खेळायची मुभा फक्त हंगामाबाहेरच्या महिन्यांत मिळते. बहुतेक मुलंमुली मात्र हाच काळ आधीपासून जमणाऱ्या गोष्टी करण्यात घालवतात: आवडत्या कोपऱ्यातून थ्री पॉइंटर (लांबच्या रेषेबाहेरून मारलेला तीन गुणांचा शॉट) आणि पक्क्या हाताने ले-अप (धावत रिंगपाशी जाऊन टाकलेला चेंडू). तासभर घाम येतो, समाधान मिळतं आणि नव्या हंगामात खेळ होता तिथेच असतो.

पुढची आखणी साधारण १४ ते १८ वयाच्या, शाळेच्या संघातून खेळणाऱ्या खेळाडूंसाठी आहे. एक रिंग, एक-दोन चेंडू आणि आठवड्यातून चार दिवस सव्वा तास एवढं त्यासाठी पुरतं. जोडीदार असला तर उत्तमच, पण नसला म्हणून काही अडत नाही.

## आधी सुट्टी

शेवटच्या सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी मैदानावर उतरणाऱ्याचं कौतुक होतं. पण गुडघ्याच्या वाटीखालचं दुखणं आणि अर्धवट बरा झालेला घोटाही त्याच्याबरोबर नव्या सरावात येतो. किमान तीन आठवडे, जमल्यास महिनाभर, चेंडूला हात लावू नका. पोहा, सायकल चालवा, दुसरा एखादा खेळ खेळा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीची शिफारस याहून कडक आहे: आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी आणि वर्षात एकूण तीन महिने, एकेका महिन्याच्या तुकड्यांत, आपल्या मुख्य खेळापासून लांब राहणं. उंची झपाट्याने वाढण्याच्या वयात तर ही सुट्टी चुकवू नये. हाडं आधी वाढतात आणि स्नायू-कंडरांना त्यांच्याशी जुळवून घ्यायला वेळ लागतो.

## दोन दिवस फक्त मोजमाप

कुठे कमी पडतोय याचा अंदाज जवळजवळ प्रत्येकाचा थोडाफार चुकतो. म्हणून पहिल्या आठवड्यातले दोन दिवस चाचण्यांना द्या आणि आकडे वहीत लिहा.

१. फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा, कुणी न अडवता मारायचा शॉट) ५०, पण दोन-दोनच्या जोड्यांत. प्रत्येक जोडीनंतर रेषेपासून चार-पाच पावलं लांब जाऊन परत यायचं. सामन्यात सलग ५० कधीच मिळत नाहीत, त्यामुळे सलग मारून आलेला आकडा फुगलेला असतो.

२. रिंगपासून सुमारे साडेचार मीटरवरच्या पाच जागा (दोन्ही बाजूंचे कोपरे, दोन्ही तिरक्या जागा आणि मधोमध), प्रत्येक जागेवरून १० शॉट. थ्री पॉइंटर नियमित मारत असाल तर हेच त्या रेषेवरून.

३. फ्री थ्रोच्या रेषेच्या कच्च्या बाजूच्या टोकापासून सुरुवात करून कच्च्या हाताने ले-अप. एका मिनिटात किती पडले ते लिहा.

४. एका बेसलाइनपासून (मैदानाच्या टोकाच्या रेषेपासून) दुसरीपर्यंत कच्च्या हाताने ड्रिबल करत धावणं, चार वेळा. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) मापाचं मैदान २८ मीटर लांब असतं. वेळ लिहा, आणि चेंडू किती वेळा सुटला किंवा नजर किती वेळा खाली गेली तेही. खाली गेलेली नजर स्वतःला कळत नाही, म्हणून चित्रीकरण करा.

५. फोन कमरेच्या उंचीवर ठेवून शॉटचं चित्रीकरण: दहा समोरून, दहा बाजूने.

शॉटच्या चाचण्यांत किती पडले याच्यापेक्षा चुकलेले कुठे गेले हे जास्त बोलकं असतं. प्रत्येक चुकीपुढे ‘कमी’, ‘जास्त’, ‘डावा’ किंवा ‘उजवा’ लिहा. सतत कमी पडत असतील तर पायांचा जोर शॉटमध्ये उतरत नाही किंवा कमान सपाट आहे. कधी डावीकडे, कधी उजवीकडे जात असतील तर कोपर आणि मनगटाची दिशा पक्की नाही. नेहमी एकाच बाजूला जात असतील तर एकच ठरावीक दोष आहे, आणि असा दोष सुधारायला सर्वांत सोपा. उजव्या हाताने मारणाऱ्याचा चेंडू उजवीकडे सरकतो आणि हवेत तिरका फिरतो, तेव्हा बहुधा डाव्या अंगठ्याचा धक्का लागत असतो. नेम सरळ असून चेंडू थोडासा जास्त जात असेल, तर त्या शॉटला हात लावू नका.

आता गेल्या हंगामातले सामने आठवा. चेंडू हातातून कुठे गेला? दबावाखाली ड्रिबल करताना, पास देताना, की रिंगखाली शॉट अडवला गेल्याने? या सगळ्यावरून एक मुख्य आणि एक जोडीचं असे दोनच विषय निवडा. सरावाचा निम्मा वेळ मुख्य विषयाला, पाव वेळ जोडीच्या विषयाला आणि उरलेला पाव बाकी सगळ्याला. सहा गोष्टी सुधारायच्या यादीतली एकही बारा आठवड्यांत पक्की होत नाही.

## सामान

मुलांसाठी ७ क्रमांकाचा चेंडू (परीघ सुमारे ७५ सेंटिमीटर), मुलींसाठी ६ क्रमांकाचा (सुमारे ७२). हवा तपासायची जुनी रीत अजून चालते: १.८ मीटर उंचीवरून चेंडू सोडा, उसळल्यावर त्याचा वरचा भाग १.२ ते १.४ मीटरपर्यंत यायला हवा. मऊ चेंडूवर ड्रिबलचा सराव केला की हाताला जोर लावायची सवय लागते आणि सामन्याच्या चेंडूवर ती अंगाशी येते. शिवणी ठळक दिसणारा चेंडू घ्या, त्याचा उपयोग पुढे आहे. याशिवाय पाच-सहा कोन (पाण्याच्या बाटल्याही चालतात), चिकटपट्टी, वही आणि फोन. वजनी चेंडू, हाताला बांधायचे पट्टे, नजर अडवणारे चष्मे यांवाचून काही अडत नाही. वजनी चेंडूने शॉट तर मारूच नका, सुटण्याची वेळ आणि कोन दोन्ही बिघडतात.

रिंगची उंची मोजून घ्या, ती ३.०५ मीटर हवी. मोकळ्या मैदानावरच्या रिंग बऱ्याचदा वाकलेल्या किंवा काही सेंटिमीटर कमी उंचीच्या असतात.

## सुरुवातीची बारा मिनिटं

दोन-तीन मिनिटं हलकं धावणं, मग चालत लंज, बाजूला सरकणं, गुडघे वर घेत धावणं. एकाच जागी उभं राहून स्नायू ताणण्याचे व्यायाम शेवटी करा, सुरुवातीला नको.

त्यानंतरची पाच मिनिटं जमिनीवर उतरण्याच्या सरावाला द्या. बहुतेकजण नेमका हाच भाग गाळतात. जागेवर उडी मारून दोन्ही पायांवर उतरा आणि दोन सेकंद स्थिर राहा, पाच वेळा. मग एका पायावरून उडून दोन्ही पायांवर, आणि शेवटी एका पायावर, प्रत्येकी पाच वेळा. उतरताना गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहिला पाहिजे, आत कोसळता कामा नये. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटण्याच्या दुखापती बऱ्याचदा कुणाचाही धक्का न लागता, उतरताना किंवा अचानक दिशा बदलताना होतात. किशोरवयीन मुलींमध्ये त्यांचं प्रमाण मुलांपेक्षा बरंच जास्त आहे. उतरणं सुधारल्याने हा धोका कमी होतो. एका पायावर डोळे मिटून तीस सेकंद उभं राहणं घोट्यासाठी, कारण या खेळात सर्वाधिक मुरगळतो तो घोटाच.

## शॉट: जवळून सुरुवात

रिंगचा आतला व्यास ४५ सेंटिमीटर, ७ क्रमांकाच्या चेंडूचा साधारण २४. चेंडू सरळ वरून पडला तर त्याला सगळे ४५ सेंटिमीटर मिळतात. जितक्या सपाट कोनातून तो येतो, तितकं तोंड त्याच्यासाठी अरुंद होत जातं. ४५ अंशांच्या कोनात येणाऱ्या चेंडूला सुमारे ३२ सेंटिमीटर मिळतात, ३५ अंशांत २६ सुद्धा नाहीत. ३० अंशांत साडेबावीसच उरतात, म्हणजे रिंगला न घासता चेंडू आत जाणंच शक्य नाही. सपाट शॉट मारणारा खेळाडू ताजातवाना असताना हे कसंबसं निभावून नेतो. चौथ्या क्वार्टरमध्ये पाय जड झाले की तेच शॉट रिंगच्या पुढच्या कडेवर आदळतात.

पहिली पायरी, एक हात. रिंगच्या पुढच्या कडेपासून एक ते दीड मीटरवर उभे राहा, दुसरा हात पाठीमागे. चेंडू बोटांच्या पेरांवर, तळव्याच्या मध्यात पेन्सिल सरकेल इतकी फट. मनगट मागे इतकं वाकलेलं की त्यावर सुरकुत्या पडतील. कोपर चेंडूच्या खाली. चेंडू वर सोडा आणि तो खाली येईपर्यंत हात वरच ठेवा. सुटताना कोपर भुवईच्या वर गेलेलं हवं, नाहीतर कमान येणार नाही. कडेला न लागता दहा पडले की ही पायरी झाली.

दुसरी पायरी, आधाराचा हात. दुसरा हात चेंडूच्या बाजूला, अंगठा स्वतःच्या डोक्याकडे. या हाताचं काम चेंडू वर नेईपर्यंत सांभाळण्याचं, ढकलण्याचं नाही. चेंडू सुटल्यावर त्याचा तळवा आधी होता तसाच आतल्या बाजूला वळलेला राहायला हवा. तो रिंगकडे वळला असेल तर अंगठ्याने धक्का दिला. इथे शिवणी कामाला येतात: शिवणी आडव्या ठेवून चेंडू धरा. सरळ मागे फिरत गेला तर त्या नीट पट्ट्यांसारख्या दिसतात, तिरका फिरला तर डगमगतात.

तिसरी पायरी, पाय. पाय खांद्याइतके रुंद. पावलं रिंगकडे अगदी सरळ हवीत हा आग्रह जुना झाला. उजव्या हाताने मारणाऱ्याची पावलं थोडी डावीकडे वळलेली असली तर खांदा मोकळा राहतो आणि कोपर आपोआप रेषेत येतं. गुडघे वाकतात तेव्हाच चेंडू किंचित खाली येतो आणि पाय सरळ होताना तो वर निघतो. हे सगळं सलग व्हायला हवं. आधी उडी, मग हवेत थांबा आणि मग हाताने फेकणं, असा तुटक शॉट जवळून पडतो. लांबून मात्र सगळा भार खांद्यावर येतो.

नजर एकाच जागी: रिंगची मागची कड किंवा जाळीचा एखादा हुक. हवेत जाणाऱ्या चेंडूमागे नजर गेली की डोकं हलतं.

अंतर वाढवण्याचा नियम एकच. दहापैकी आठ पडले, आणि पद्धत न बदलता पडले, तर अर्धा मीटर मागे. चेंडू छातीच्या खालून निघू लागला, खांदे वळू लागले किंवा उतरताना शरीर पुढे झेपावलं, तर पडलेला शॉटही मोजू नका, पुन्हा पुढे या. फिबाच्या मैदानावर थ्री पॉइंटची रेषा ६.७५ मीटरवर आहे, अमेरिकेतल्या हायस्कूलच्या मैदानांवर ६.०२ मीटरवर. पंधरा वर्षांच्या, अजून ताकद न आलेल्या खेळाडूने तिथून शेकडो शॉट मारले की कमरेपासून चेंडू भिरकावण्याची पद्धत पक्की होते. ती मोडायला नंतर वर्ष जातं. बारा आठवड्यांत पाच मीटरपर्यंतच मजल गेली तर त्यात कमीपणा काही नाही.

चौथी पायरी, चेंडू घेऊन शॉट. एकटे असाल तर चेंडूला उलटी फिरकी देऊन दोन-तीन मीटर पुढे टाका. टप्पा पडून तो तुमच्याकडेच परत येतो. धावत जाऊन घ्या आणि मारा. उतरण्याच्या दोन रीती आहेत, एकामागोमाग एक पाय किंवा दोन्ही पाय एकत्र, आणि दोन्ही यायला हव्यात. मुख्य गोष्ट अशी की चेंडू हातात येण्याआधीच गुडघे वाकलेले असावेत. चेंडू घेतला, मग वाकलो, मग उठलो, यात गेलेल्या अर्ध्या सेकंदात बचावपटू येऊन पोचतो.

पाचवी पायरी, ड्रिबलवरून शॉट. शेवटचा टप्पा जोरात मारा म्हणजे चेंडू स्वतःच वर हातात येतो. हळू टप्पा मारून खाली वाकून चेंडू उचलावा लागला, की शॉटची लय तिथेच तुटते. पक्क्या बाजूने एक-दोन ड्रिबल, मग कच्च्या बाजूने. कच्च्या बाजूने जाताना शरीर बाजूला वाहत जातं. आतला पाय घट्ट रोवून ते थांबवायचं.

पाचव्या आठवड्यापासून एक बंधन घाला: एकाच जागेवरून सलग दोन शॉट नाहीत. एकाच जागेवरून ओळीने पन्नास मारले की हात आपोआप दुरुस्त होत जातो आणि आकडा छान दिसतो, पण दोन दिवसांनी त्यातलं थोडंच शिल्लक असतं. जागा, अंतर आणि शॉटचा प्रकार सतत बदलला तर सरावातला आकडा घसरतो, शिकलेलं मात्र टिकतं. या घसरणीने खचून पुन्हा जुन्या रीतीकडे वळणारे पुष्कळ असतात. पहिल्या चार आठवड्यांत, पद्धत बदलत असताना, एकाच जागेवरचा सराव योग्यच आहे.

किती शॉट? स्वतःच चेंडू गोळा करत तासाभरात दीडशे ते दोनशे नीट शॉट होतात. रोज पाचशे-हजारचं ध्येय ठेवणारा शेवटचे तीनशे थकलेल्या पायांनी, बिघडलेल्या पद्धतीने मारतो आणि मुरते तीच पद्धत.

फ्री थ्रो सरावाच्या शेवटी एकगठ्ठा नकोत. प्रत्येक दमवणाऱ्या सरावानंतर लगेच दोन. बोर्डापासून ४.६ मीटर, समोर कुणी नाही, तरी चुकतात, कारण श्वास चढलेला असतो. म्हणून ठरलेला क्रम हवा: पाय जागेवर, दोन किंवा तीन टप्पे, एक लांब उच्छ्वास, शॉट. फिबाच्या नियमात यासाठी पाच सेकंद मिळतात, अमेरिकेतल्या हायस्कूलच्या नियमात दहा. तुमचा क्रम पाचात बसवा.

## चेंडूवर ताबा

उभ्या जागी करायच्या कसरती पाच मिनिटं पुरे. दिसायला त्या फार छान असतात, त्यामुळे सगळा वेळ तिथेच जातो. गुडघे वाकवून, नजर रिंगवर ठेवून प्रत्येकी तीस सेकंद: कच्च्या हाताने गुडघ्याखालचे जोरदार टप्पे, मग कमरेइतके, मग समोरून हात बदलणं, पायांतून, पाठीमागून. दोन चेंडू असतील तर दोन्ही एकाच वेळी, मग आळीपाळीने, मग एक उंच-एक खुजा. चेंडू सुटू लागला पाहिजे. एकदाही सुटत नसेल तर वेग कमी पडतोय.

खरं काम चालत्या चेंडूवर होतं. कोनच्या रांगेतून नागमोडी जाण्यात एक गोम आहे: कुठे वळायचं ते आधीच माहीत असतं. त्याऐवजी एकच कोन थ्री पॉइंट रेषेच्या एक मीटर आत ठेवा, हाच तुमचा बचावपटू. मध्यरेषेकडून साधारण सत्तर टक्के वेगाने या. कोनपासून हातभर अंतरावर आलात की वेग मोडा, खांदे जरासे उचला, हात बदला आणि पूर्ण वेगाने निघा. हात बदलल्यानंतरचं पहिलं पाऊल कोनच्या मागे पडलं पाहिजे आणि खांदा कोनला जवळजवळ घासून गेला पाहिजे. बाजूला लांब वळसा घेतलात, तर बचावपटूला परत आडवं यायला जागा मिळते. बचावपटू हलतो तो वेगातल्या बदलाने. हाताच्या करामती त्यामानाने दुय्यम आहेत.

ड्रिबलची संख्याही बांधून घ्या. थ्री पॉइंट रेषेपासून ले-अपपर्यंत दोन ड्रिबल, चार आठवड्यांनी एकच. चेंडू पुढे ढकलून त्याच्यामागे लांब पाऊल टाकल्याशिवाय हे जमत नाही.

मागे हटण्याचा ड्रिबलही हवा. दोन कोनांच्या फटीत शिरा, दोन-तीन ड्रिबल मागे या, हात बदलून दुसऱ्या बाजूने जा. दोघांच्या कोंडीत सापडून चेंडू गमावणाऱ्यांना बहुधा एवढंच येत नसतं. जोडीदार असेल तर तो कोनच्या जागी उभा राहून ऐनवेळी एक हात बाजूला करेल. तो हात ज्या बाजूला, त्याच्या उलट बाजूने जायचं.

## रिंगपाशी

मायकन ड्रिलने सुरुवात करा. १९४०-५० च्या दशकांतला उंच सेंटर (रिंगजवळ खेळणारा खेळाडू) जॉर्ज मायकन याच्या नावाने तो ओळखला जातो. रिंगखाली उभं राहून एका बाजूने उजव्या हाताने, चेंडू जाळीतून पडताच झेलून दुसऱ्या बाजूने डाव्या हाताने, थांबल्याशिवाय. चेंडू हनुवटीच्या खाली आणायचा नाही. तीस सेकंदांचे दोन डाव, मग रिंगकडे पाठ करून तसेच दोन. तीस सेकंदांत पंधराच्या आसपास पडू लागले की पाय आणि हात जुळले.

बोर्डावरचा चौकोन ५९ सेंटिमीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर उंच असतो. बाजूने येताना त्याचा तुमच्या बाजूचा वरचा कोपरा हे लक्ष्य. ले-अप चुकतो तो बहुधा जोर जास्त झाल्याने. धावण्याचा वेग चेंडूतही असतोच, म्हणून शेवटचं पाऊल पुढे न टाकता वर उचला.

कच्च्या हाताचा ले-अप आधी ड्रिबलशिवाय, दोन पावलांतून: डाव्या हाताने मारायचा तर डावं पाऊल, उजवं पाऊल, डावा गुडघा वर. मग एक ड्रिबल, मग पूर्ण वेग. रोज वीस पडलेले. त्यानंतर जागा नसताना लागणारे प्रकार: दोन्ही पायांवर थांबून मारणं (धक्का सोसायला हे सर्वांत भरवशाचं), रिंगच्या दुसऱ्या बाजूने उलटा, आणि उंच बचावपटूवरून तीन-साडेतीन मीटरवरून एका हाताने उचलून टाकलेला फ्लोटर. फ्लोटरमध्ये मनगट जवळजवळ वापरायचं नाही. चेंडू फिरला नाही तर तो रिंगवर मऊ पडतो.

पावलांच्या नियमाबाबत एक सूचना. फिबाने २०१७ पासून, धावताना चेंडू हाती घेतेवेळी जमिनीवर असलेला पाय सोडून पुढची दोन पावलं मोजायची, असा नियम केला. तुमच्या स्पर्धेत कोणते नियम लागू आहेत ते विचारून मगच असे प्रकार घोटा.

## पास, बचाव, रिबाउंड

भिंतीवर छातीच्या उंचीला चिकटपट्टीचा फुटभर चौकोन करा. चार मीटरवरून दोन हातांनी २०, मग ड्रिबल न थांबवता एकाच हाताने पास, दोन्ही हातांनी २०-२०. हा एकहाती पास दबावाखालचे बरेच घोटाळे टाळतो. पायाचा चवडा जागेवरून न उचलता मारलेला पिव्हट (एक पाय रोवून त्यावर वळणं) इथेच जोडून घ्या: झेल, पुढे पिव्हट, पास, झेल, मागे पिव्हट, पास.

बचाव एकट्याने मर्यादितच सुधारतो. पेंटच्या (रिंगसमोरच्या आखलेल्या चौकटीच्या) रुंदीत, म्हणजे ४.९ मीटरमध्ये, बाजूला सरकत वीस सेकंद, चार डाव, पाय एकमेकांना न लावता. मग रिंगखालून थ्री पॉइंट रेषेवरच्या कोनपर्यंत धाव, शेवटचे दोन मीटर छोटी पावलं, एक हात वर, नितंब खाली. लांब पावलांनी आलात तर समोरचा तुम्हाला त्याच वेगात चकवून जाईल. रिबाउंडसाठी (चुकून परत आलेला चेंडू पकडण्यासाठी) बोर्डावर चेंडू टाकून सर्वांत उंच बिंदूला दोन्ही हातांनी पकडणं आणि उतरून हनुवटीशी घट्ट धरणं, दहा वेळा.

## ताकद

आठवड्यातून दोन दिवस, सलग नाहीत. स्क्वॉट, एक पाय मागे ठेवून स्क्वॉट, कमरेतून वाकण्याचा व्यायाम, पुश-अप, ओढण्याचा एखादा व्यायाम, पोटऱ्या आणि प्लँक. आठ ते बारा वेळा, दोन-तीन डाव. वजन तेव्हाच वाढवा जेव्हा शेवटचा प्रयत्नही पहिल्यासारखाच दिसतो. ठरवून मारायच्या उड्या एका दिवसात ४० ते ६० च्या वर नकोत, कारण ले-अप आणि शॉटच्या उड्या वेगळ्या होतातच. काँक्रीटवर सराव असेल तर त्याहून कमी.

## आठवडे आणि एक नमुना

पहिले चार आठवडे पद्धतीचे: संथ, जवळून, एकाच जागी. पाचवा ते आठवा वेगाचे: ड्रिबलची बंधनं, बदलत्या जागा, घड्याळ. नववा ते अकरावा प्रतिस्पर्ध्यासह. बारावा पुन्हा मोजमापाचा. चौथ्या आणि आठव्या आठवड्यात सरावाचं प्रमाण एक तृतीयांशाने कमी ठेवा. ही सूट आळशासाठी नाही, शिकलेलं मुरायला आणि गुडघ्यांना सावरायला ती लागते.

एक उदाहरण घेऊ. सोळा वर्षांची गार्ड (चेंडू पुढे नेणारी खेळाडू), डावीकडे जाता येत नाही, शॉट सपाट आणि कमी पडतो. मुख्य विषय शॉट, जोडीचा डावा हात. सहाव्या आठवड्यातला तिचा दिवस असा:

० ते १२ मिनिटं: अंग गरम करणं, उतरण्याचा सराव.
१२ ते २२: एका हाताने आणि दोन हातांनी जवळचे शॉट, ३० पडलेले, कमानीवर लक्ष. नवी पद्धत नेहमी ताज्या पायांनी, म्हणून हे आधी.
२२ ते ३८: डावा ड्रिबल, उभ्याने चार मिनिटं, मग एका कोनवर वेगबदल, डावीकडे वीस, उजवीकडे आठ. मधे दोनदा दोन फ्री थ्रो.
३८ ते ४८: डाव्या हाताचे ले-अप आणि दोन्ही पायांवर थांबून मारलेले शॉट, २५ पडलेले.
४८ ते ६८: फिरकीचा चेंडू घेऊन चार ते पाच मीटरवरून शॉट, दर वेळी नवी जागा, ४० पडलेले. दर दहानंतर दोन फ्री थ्रो.
६८ ते ७५: ताण उतरवणं आणि वही.

वहीत तीनच नोंदी: काय मोजलं, आकडा किती, चुकलेले कुठे गेले. दर दोन आठवड्यांनी पुन्हा चित्रीकरण, आधीच्याच जागेवरून आणि उंचीवरून, म्हणजे तुलना खरी होईल. तिसऱ्या आठवड्यात आकडे पहिल्यापेक्षा वाईट दिसले तर आखणी बदलू नका. सहाव्यातही सुधारणा नसेल तर मात्र एखाद्या जाणकाराला चित्रीकरण दाखवा. बहुधा पायांची किंवा आधाराच्या हाताची चूक तशीच राहिलेली असते आणि स्वतःला दिसत नसते.

## कुणाशी तरी खेळा

कोन हात उचलत नाही. नवव्या आठवड्यापासून आठवड्यातले दोन दिवस एकास एक खेळा, पण बंधनांसह: तीनच ड्रिबल, सुरुवात कच्च्या बाजूने, पाच गुणांचा डाव. तीन-तीनचा खेळ तर उत्तमच. त्याच्या अधिकृत नियमात शॉटसाठी १२ सेकंदच मिळतात आणि अर्ध्याच मैदानावर सहाजण असतात, त्यामुळे प्रत्येकाच्या हातात चेंडू वारंवार येतो. हरायला लागलं की जुनी सवय डोकं वर काढते. ठरवूनच खेळा, की आजच्या डावात डावीकडूनच जायचं, हरलो तरी.

## दुखलं तर

स्नायू दुखणं दोन दिवसांत ओसरतं. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या हाडावरच्या उंचवट्याशी बोट ठेवल्यावर दुखत असेल, तर वाढीच्या वयातली ऑसगुड-श्लॅटर नावाची तक्रार असू शकते. वाटी आणि तो उंचवटा यांच्यामधल्या कंडरेत दुखत असेल तर उड्यांचा भार जास्त झालेला असतो. दोन्हीत उड्या आणि वेगात थांबणं कमी करा. उभ्याने शॉट, पास आणि ड्रिबल बहुधा चालू ठेवता येतात. लंगडणं, सूज, रात्री जागं करणारं दुखणं किंवा गुडघा अडकणं, यातलं काहीही असेल तर सराव बंद आणि डॉक्टर. या वयात आठ ते दहा तास झोप लागते. ती सहावर आली तर सराव वाढवण्याआधी झोप वाढवा.

## बारावा आठवडा

पहिल्या आठवड्यातल्या पाचही चाचण्या त्याच क्रमाने, त्याच मैदानावर, शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी. बाकीच्या दिवशी सराव निम्मा, उड्या जवळजवळ नाहीत, कारण संघाचा सराव सुरू होताच धावणं एकदम वाढतं. आकडे आणि आधी-नंतरची चित्रफीत प्रशिक्षकांना दाखवा. कोणता शॉट सामन्यात मारायला तयार आहे आणि कोणता अजून नाही, हे स्पष्ट सांगा. पद्धत बदललेल्या खेळाडूने पहिल्या महिन्यात पाच मीटरच्या आतलेच शॉट मारायचे असं आधी ठरवून घेतलं, तर एखादा वाईट सामना झाल्यावर कुणी जुन्या शॉटकडे परत जायला सांगत नाही. हंगामभर आठवड्यातून दोनदा, संघाच्या सरावाआधी दहा मिनिटं, जवळच्या शॉटच्या पहिल्या दोन पायऱ्या चालू ठेवा.